चष्म्याविना दृष्टीचे मोल : मोतीबिंदूनंतरची बहुकेंद्री भिंगे आणि रुग्णाचे समाधान

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरला, की आज शहरातील बहुतेक रुग्णांना एक प्रश्न विचारला जातो, जो एका पिढीपूर्वी फारसा कोणाला विचारला जात नव्हता. डोळ्यात भिंग कोणते बसवायचे? साधे, एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवणारे भिंग घ्यावे आणि वाचनासाठी चष्मा वापरत राहावे, की अधिक पैसे मोजून दूरचे, मधले आणि जवळचे असे सारेच चष्म्याविना दाखवण्याची शक्यता देणारे बहुकेंद्री, म्हणजेच मल्टिफोकल भिंग घ्यावे? हा निर्णय रुग्णाने स्वतः घ्यायचा असतो, तो बहुधा थोडक्या वेळात घ्यावा लागतो आणि एकदा बसवलेले भिंग सहसा आयुष्यभर डोळ्यात राहते. त्यामुळे या भिंगांमुळे प्रत्यक्षात दृष्टी किती मिळते, तिची किंमत कोणत्या स्वरूपात चुकवावी लागते आणि ज्यांनी ती बसवून घेतली ते समाधानी असतात का, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

चाळिशी आणि भिंगाचे काम

मानवी डोळ्याची एकूण प्रकाशशक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. तिच्यातील जवळजवळ दोन तृतीयांश वाटा डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाचा, म्हणजे पारपटलाचा असतो, तर उरलेला वाटा बाहुलीमागे असलेल्या नैसर्गिक भिंगाचा. पारपटलाची शक्ती स्थिर असते. भिंगाचे वैशिष्ट्य असे, की ते लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगीर होते, दूरचे पाहताना पुन्हा चपटे होते आणि अशा रीतीने एकच डोळा क्षितिजावरचा डोंगर आणि हातातले पुस्तक दोन्ही स्पष्ट पाहू शकतो.

वयानुसार हे भिंग कडक होत जाते. चाळिशीच्या आसपास वर्तमानपत्र हाताच्या अंतरावर धरावे लागते, सुईत दोरा ओवणे कठीण जाते. मराठीत वाचनाच्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात, यात या बदलाचे वयच नोंदले गेले आहे. साठीपर्यंत जवळचे पाहण्यासाठी आकार बदलण्याची भिंगाची क्षमता जवळजवळ संपते. त्यानंतर अनेकांच्या बाबतीत हेच भिंग धूसर होऊ लागते आणि त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो.

शस्त्रक्रियेत धूसर झालेले नैसर्गिक भिंग काढून त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवले जाते. साध्या एककेंद्री भिंगाची शक्ती एकच आणि कायमची ठरलेली असते. ती बहुधा दूरच्या दृष्टीसाठी निवडली जाते. अशा रुग्णाला रस्ता, फलक, दूरदर्शनचा पडदा स्वच्छ दिसतो, परंतु वाचनासाठी, मोबाइलसाठी, तांदूळ निवडण्यासाठी चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंगाचा जन्म ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नातून झाला.

प्लास्टिकच्या कपच्यांपासून त्रिकेंद्री भिंगापर्यंत

कृत्रिम भिंगाची कथा दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांपासून सुरू होते. ब्रिटिश नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले, की लढाऊ विमानांच्या आच्छादनाच्या ॲक्रिलिक प्लास्टिकच्या कपच्या काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरल्या होत्या, तरी डोळ्याने त्यांच्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया दिली नव्हती. मग याच द्रव्याचे भिंग डोळ्यात का बसवू नये, असा विचार त्यांनी केला. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्या दिशेने पहिली शस्त्रक्रिया केली. त्या काळी सहव्यवसायिकांनी त्यांच्यावर कडक टीका केली. जो डोळा परक्या वस्तूपासून जपायचा, त्याच डोळ्यात परकी वस्तू ठेवण्याचे धाडस अनेकांना मान्य नव्हते. पुढे हीच पद्धत जगभर रूढ झाली आणि २००० साली रिडली यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

१९६७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी श्रवणातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची फेकोइमल्सिफिकेशन पद्धत पुढे आणली. तीमुळे छेद लहान झाला आणि शस्त्रक्रियेनंतरचा नंबर अचूकपणे गाठणे शक्य होत गेले. बहुकेंद्री भिंगासाठी ही अचूकता पूर्वअटच होती.

१९८६ मध्ये ब्रिटनमधील जॉन पिअर्स यांनी दुहेरी केंद्राचे भिंग प्रथम बसवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ‘ॲरे’ या बहुकेंद्री भिंगाला आणि २००५ मध्ये ‘रिस्टोर’ या विवर्तनावर आधारित भिंगाला मान्यता दिली. २०१० च्या सुमारास बेल्जियममधून ‘फाइनव्हिजन’ हे त्रिकेंद्री, म्हणजे ट्रायफोकल भिंग बाजारात आले. २०१९ मध्ये अमेरिकेत ‘पॅनऑप्टिक्स’ या पहिल्या त्रिकेंद्री भिंगाला मान्यता मिळाली. दूर आणि जवळ यांच्या जोडीला ‘मधले अंतर’ महत्त्वाचे ठरले, त्यामागे संगणक आहे. संगणकाचा पडदा, स्वयंपाकाचा ओटा, दुकानाचा गल्ला, वाहनातील फलक हे सारे साधारण हाताच्या अंतरावर असते आणि दुहेरी केंद्राची भिंगे नेमकी तेथेच उणी पडत होती.

प्रकाशाची वाटणी

बहुकेंद्री भिंग नैसर्गिक भिंगासारखे आकार बदलत नाही. ते डोळ्यात येणारा प्रकाश वाटून देते, आणि त्याचे गुण व दोष या एकाच गोष्टीतून निघतात.

आज प्रचलित असलेल्या बहुतेक बहुकेंद्री भिंगांच्या पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म उंचीच्या समकेंद्री कडा कोरलेल्या असतात. त्यांच्यावर पडणारा प्रकाश विवर्तनाच्या नियमानुसार दोन किंवा तीन केंद्रांकडे वळतो. प्रकाश दोन केंद्रांत समान वाटणाऱ्या विवर्तन भिंगात साधारण ४१ टक्के प्रकाश दूरच्या प्रतिमेसाठी आणि तितकाच जवळच्या प्रतिमेसाठी जातो. उरलेला सुमारे १८ टक्के प्रकाश कोणत्याही उपयुक्त केंद्रावर न पोहोचता विखुरतो. नव्या रचनांनी हा अपव्यय कमी केला आहे, परंतु वाटणीचे तत्त्व कायम आहे.

याचा अर्थ असा, की रुग्ण दूरचे पाहत असतो तेव्हाही त्याच्या दृष्टिपटलावर जवळच्या केंद्राची एक अस्पष्ट प्रतिमा त्याच वेळी पडलेली असते, आणि जवळचे पाहताना दूरची. स्पष्ट प्रतिमा निवडून अस्पष्ट प्रतिमेकडे दुर्लक्ष करण्याचे काम मेंदूला करावे लागते. दिवसाच्या भरपूर उजेडात हे काम सहज साधते. मंद उजेडात, धुक्यात, पावसाळी संध्याकाळी, जेव्हा वस्तू आणि पार्श्वभूमी यांच्या छटांत फरक थोडा असतो, तेव्हा वाटला गेलेला प्रकाश अपुरा पडू शकतो. छटाभेद ओळखण्याची ही क्षमता बहुकेंद्री भिंगात एककेंद्री भिंगाच्या तुलनेत काहीशी उणी असल्याचे अनेक तपासण्यांत आढळले आहे.

रात्री समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याभोवती दिसणारी वलये याच कारणाने निर्माण होतात. दिव्याची दूरच्या केंद्रातील प्रतिमा स्पष्ट असते आणि जवळच्या केंद्रातील त्याच दिव्याची पसरट, अस्पष्ट प्रतिमा तिच्याभोवती वर्तुळासारखी पडते. हा भिंगातील बिघाड नसतो, रचनेतूनच येणारा परिणाम असतो. म्हणूनच तो पूर्णपणे टाळता येत नाही.

चाचण्या काय सांगतात

दृष्टीचे मोजमाप तीन अंतरांवर केले जाते. दूरची दृष्टी ६/६, ६/९ अशा आकड्यांत, जवळची दृष्टी एन ६, एन ८ अशा अक्षरांच्या आकारात नोंदली जाते आणि मधल्या अंतरासाठी साधारण ६० ते ८० सेंटिमीटरवर तपासणी होते. याखेरीज वेगवेगळ्या शक्तीची भिंगे डोळ्यांपुढे धरून, केंद्रापासून दूर जाताना दृष्टी किती घसरते, याचा आलेख काढला जातो. एककेंद्री भिंगाच्या आलेखात एकच शिखर असते. दुहेरी भिंगात दोन शिखरे आणि मध्ये दरी दिसते. त्रिकेंद्री भिंगात ती दरी बरीच भरलेली असते.

एककेंद्री आणि बहुकेंद्री भिंगांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये अद्ययावत केला. त्यात २० चाचण्या आणि २,२३० रुग्णांचा समावेश होता. दूरच्या दृष्टीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक असल्याचा पुरावा मिळाला नाही. चष्म्याविना जवळची दृष्टी बहुकेंद्री गटात अधिक चांगली होती आणि त्या गटातील रुग्ण चष्म्यावर अवलंबून राहण्याची शक्यता एक तृतीयांशाहून अधिक कमी होती. दुसरीकडे वलये दिसण्याची शक्यता सुमारे साडेतीन पट आणि दिपण्याचा त्रास होण्याची शक्यता सुमारे १.४ पट होती.

याहून बोलका पुरावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीतून मिळतो. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील मार्क विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक विभागणी केली. एका गटाला दोन्ही डोळ्यांत बहुकेंद्री भिंगे दिली. दुसऱ्या गटाला साधीच भिंगे दिली, पण एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी अशा शक्तीची. चार महिन्यांनी तपासणीला आलेल्यांपैकी बहुकेंद्री गटातील ७१.३ टक्के आणि दुसऱ्या गटातील २५.८ टक्के रुग्णांनी चष्मा मुळीच लागत नसल्याचे सांगितले. परंतु पहिल्याच वर्षात बहुकेंद्री गटातील सहा रुग्णांची भिंगे पुन्हा शस्त्रक्रिया करून बदलावी लागली. दुसऱ्या गटात अशी वेळ एकाही रुग्णावर आली नाही.

या दोन आकड्यांत या विषयाचे सार आहे. बहुसंख्य रुग्णांना चष्म्यापासून सुटका मिळते. एका लहान गटाला मात्र मिळालेली दृष्टी इतकी असह्य होते, की तो दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धोका पत्करायला तयार होतो. आपण कोणत्या गटात असू, हे आधी ओळखता येईल का, हाच रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

अक्षरे वाचता येतात, तरी समाधान नाही

नेत्रतज्ज्ञांना एक अनुभव वारंवार येतो. तक्त्यावरची शेवटची ओळ सहज वाचणारा रुग्ण नाराज असतो आणि दोन ओळी कमी वाचणारा अतिशय आनंदी असतो. म्हणून शस्त्रक्रियेचे यश केवळ तक्त्यावरून ठरवू नये, असे मत गेल्या काही दशकांत दृढ झाले. त्यासाठी रुग्णाला थेट विचारणाऱ्या प्रश्नावल्या तयार झाल्या. १९९४ मध्ये मांडली गेलेली ‘व्हीएफ-१४’ ही प्रश्नावली वाचन, पायऱ्या उतरणे, स्वयंपाक, वाहन चालवणे अशा १४ कामांतील अडचण विचारते. स्वीडनमध्ये विकसित झालेली ‘कॅटक्वेस्ट’ ही प्रश्नावलीही अनेक देशांत वापरली जाते.

समाधान हे मिळालेली दृष्टी आणि मनात धरलेली अपेक्षा यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. ज्याचा मोतीबिंदू पिकलेला होता आणि ज्याला माणसांचे चेहरेही ओळखू येत नव्हते, त्याला रात्रीची वलये क्षुल्लक वाटतात. ज्याचे भिंग जवळजवळ स्वच्छ होते आणि ज्याने केवळ चष्मा सुटावा म्हणून शस्त्रक्रिया करून घेतली, त्याला तीच वलये खटकतात, कारण त्याच्याकडे तुलनेसाठी आधीची निर्दोष दृष्टी असते. ज्यांना लहानपणापासून मोठा उणे नंबर आहे, त्यांची स्थिती आणखी वेगळी. चष्मा काढून अगदी डोळ्यांजवळ धरलेले बारीक काम पाहण्याची त्यांना सवय असते. बहुकेंद्री भिंगाचे जवळचे केंद्र साधारण ४० सेंटिमीटरवर असते. पूर्वी पंधरा-वीस सेंटिमीटरवर सहज दिसणारी बारीक नक्षी आता तेथे धूसर दिसते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या किंवा सोन्याचे बारीक काम करणाऱ्या व्यक्तीसाठी हा बदल किरकोळ नसतो.

स्वभावाचाही संबंध तपासला गेला आहे. जर्मन नेत्रतज्ज्ञ उलरिश मेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासण्याची वृत्ती आणि काटेकोर नीटनेटकेपणाची ओढ असलेल्या रुग्णांना वलयांचा आणि दिपण्याचा त्रास अधिक जाणवत असल्याचे दिसले. यावरून अशा रुग्णांना भिंग नाकारावे असा निष्कर्ष निघत नाही. त्यांच्याशी शस्त्रक्रियेपूर्वी अधिक सविस्तर बोलावे, इतका बोध मात्र निश्चित मिळतो.

नाराजीची कारणे आणि त्यांवरील उपाय

बहुकेंद्री भिंगानंतर असमाधानी राहिलेल्या रुग्णांचाच स्वतंत्र अभ्यास दोन ठिकाणी झाला आणि दोन्हींचे निष्कर्ष दिलासादायक आहेत. अमेरिकेतील वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३२ असमाधानी रुग्णांच्या ४३ डोळ्यांची माहिती मांडली. सर्वांत मोठी तक्रार धूसर दिसण्याची होती, वलये व दिपणे ही त्यानंतरची. कारणे शोधली असता उरलेला नंबर, डोळ्यांचा कोरडेपणा आणि भिंगामागील पडदा धूसर होणे ही प्रमुख आढळली. नवी शस्त्रक्रिया न करता साध्या उपायांनी बहुतेकांची दृष्टी सुधारली आणि केवळ ३ डोळ्यांतील भिंगे बदलावी लागली. नेदरलँड्समधील द व्हरीज आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४९ रुग्णांच्या ७६ डोळ्यांबाबत असेच चित्र मांडले. तेथेही बहुसंख्य डोळ्यांसाठी काही ना काही उपाय उपलब्ध होता.

या कारणांकडे क्रमाने पाहणे उपयुक्त ठरेल. पहिले कारण उरलेला नंबर. एककेंद्री भिंगात अर्धा-पाऊण नंबर उरला तरी रुग्ण निभावून नेतो. बहुकेंद्री भिंगात आधीच वाटलेल्या प्रकाशावर ही अस्पष्टता भर घालते आणि तिन्ही अंतरांवर दृष्टी बिघडते. सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांसाठी तो दुरुस्त करणारे टोरिक प्रकारचे बहुकेंद्री भिंग निवडावे लागते. डोळ्याच्या लांबीच्या मोजमापात एका मिलिमीटरची चूक झाली, तर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो, यावरून शस्त्रक्रियेपूर्वीच्या मोजणीचे महत्त्व लक्षात यावे.

दुसरे कारण कोरडेपणा. अश्रूंचा पातळ थर हा डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचा पहिला टप्पा असतो. तो तुटक असेल तर उत्तम भिंगाचीही प्रतिमा विस्कटते. शिवाय कोरड्या डोळ्यावर घेतलेली मोजमापेच चुकू शकतात. म्हणून कोरडेपणाचा उपचार शस्त्रक्रियेपूर्वी करणे हितावह असते.

तिसरे कारण म्हणजे भिंगामागील पडदा धूसर होणे. यावर याग लेसरचा उपाय काही मिनिटांत होतो. मात्र येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. लेसरने पडद्याला छिद्र पाडल्यानंतर भिंग बदलण्याची वेळ आली, तर ती शस्त्रक्रिया अधिक अवघड आणि धोक्याची होते. म्हणून शस्त्रक्रियेच्या पहिल्या दिवसापासून असलेली तक्रार केवळ पडद्यामुळे आहे असे मानून लेसर करण्याची घाई अनुभवी शल्यविशारद करत नाहीत. काही महिने चांगली असलेली दृष्टी नंतर हळूहळू धूसर होत गेली, तर पडद्याची शक्यता अधिक. सुरुवातीपासूनच नाराजी असेल, तर आधी इतर कारणे शोधावी लागतात.

चौथे कारण भिंगाचे आणि दृष्टिरेषेचे केंद्र न जुळणे. बहुकेंद्री भिंगातील वर्तुळांच्या मध्यातून दृष्टिरेषा जावी लागते. ती बाजूला गेली, तर वलये आणि धूसरता वाढते. बाहुलीचा आकारही यात भर घालतो. काळोखात फार मोठी होणारी बाहुली वलये अधिक दाखवते.

मेंदूला लागणारा वेळ

अनेक रुग्णांची पहिल्या आठवड्यातली तक्रार सहाव्या महिन्यात उरत नाही. भिंग तेच असते, डोळा तोच असतो. बदलतो तो मेंदू. पोर्तुगालमधील कोइंब्रा येथील संशोधकांनी बहुकेंद्री भिंगे बसवलेल्या रुग्णांच्या मेंदूचे कार्यात्मक एमआरआय चित्रण शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या महिन्यात केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुरुवातीला लक्ष केंद्रित करण्याशी आणि नवे शिकण्याशी निगडित मेंदूचे भाग अधिक सक्रिय असल्याचे आढळले. सहा महिन्यांनी ही अतिरिक्त सक्रियता ओसरली होती. नव्या प्रकारची प्रतिमा वाचायला मेंदू जणू पुन्हा शिकतो आणि ते शिकणे पूर्ण झाले, की त्याला त्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत.

म्हणूनच तातडीने भिंग बदलून मागण्यापेक्षा तीन ते सहा महिने थांबावे, असा सल्ला साधारणपणे दिला जातो. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर अनेकांचा त्रास कमी होतो, कारण दोन्ही डोळ्यांतून येणारी माहिती मेंदू एकत्र करतो. तथापि सर्वच रुग्णांच्या मेंदूला हे साधत नाही, हेही तितकेच खरे.

कोणासाठी नाही

काही स्थितींत हे भिंग सुचवण्यापूर्वी फार विचार करावा लागतो आणि अनेकदा ते टाळणेच योग्य ठरते. दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा, म्हणजे पीतबिंदूचा विकार, वाढलेला काचबिंदू, मधुमेहामुळे झालेला दृष्टिपटलाचा आजार या स्थितींत छटाभेद ओळखण्याची शक्ती आधीच कमी झालेली असते. तिच्यात भिंगामुळे आणखी घट झाली, तर रुग्णाचे नुकसान होते. मधुमेहाचे मोठे प्रमाण असलेल्या आपल्या देशात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. आज पडदा निरोगी असला तरी पुढील वीस वर्षांत तो तसाच राहील का, हा विचार मधुमेही रुग्णाच्या बाबतीत करावा लागतो. पारपटलाचा आकार अनियमित असणे आणि पूर्वी चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया झालेली असणे, या दोन्ही गोष्टी मोजणी अवघड करतात. शस्त्रक्रियेपूर्वी दृष्टिपटलाच्या थरांचे ओसीटी चित्रण आणि पारपटलाचा नकाशा काढून घेण्याचा आग्रह यासाठीच धरला जातो.

ज्यांचा चरितार्थ रात्रीच्या वाहनचालनावर आहे, त्यांनीही हा पर्याय जपून निवडावा. महामार्गावर समोरून येणारे प्रखर दिवे, दिव्यांविना चालणारी वाहने, रस्त्याच्या कडेने जाणारे पादचारी अशा परिस्थितीत वलये आणि घटलेला छटाभेद हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

मधले पर्याय

साधे भिंग आणि बहुकेंद्री भिंग यांच्या दरम्यान आता काही पर्याय उपलब्ध आहेत. स्पष्ट दिसण्याचा पट्टा लांबवणारी भिंगे एडॉफ या संक्षिप्त नावाने ओळखली जातात. अमेरिकेत या प्रकारच्या ‘सिम्फनी’ भिंगाला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. ती दूरचे आणि मधले अंतर चांगले दाखवतात, बारीक अक्षरांसाठी मात्र अनेकांना हलका चष्मा लागतो. या वर्गातील काही रचनांत वलयांचा त्रास त्रिकेंद्री भिंगापेक्षा कमी असतो. साध्या भिंगाच्या रचनेत थोडा बदल करून मधल्या अंतराची दृष्टी काहीशी सुधारणारी भिंगेही वापरात आली आहेत. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवण्याची पद्धत स्वस्त आहे आणि तिच्यात वलये नसतात. तिच्यात दोन डोळ्यांनी मिळून खोलीचा अंदाज घेण्याची क्षमता मात्र काहीशी कमी होते.

आणि ज्याला चष्म्याचा त्रास वाटत नाही, त्याच्यासाठी साधे भिंग हाच उत्तम पर्याय असतो. छटाभेद आणि रात्रीच्या दृष्टीच्या बाबतीत ते आजही सरस आहे. शस्त्रक्रियेतील भिंगांच्या किमतीची उतरंड पाहून ‘महाग तेच उत्तम’ असा समज होतो, तो दूर व्हायला हवा.

भारतीय संदर्भ

भारतात मोतीबिंदू हा आजही अंधत्वाचा सर्वांत मोठा कारक आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील व्यक्तींतील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराई येथे अरविंद नेत्ररुग्णालय स्थापन केले. १९९२ मध्ये या संस्थेच्या पुढाकाराने ऑरोलॅब सुरू झाली आणि देशातच स्वस्त कृत्रिम भिंगे तयार होऊ लागल्याने, पूर्वी जाड भिंगांच्या चष्म्यावर भागवणाऱ्या लक्षावधी गरीब रुग्णांच्या डोळ्यांत भिंग बसवणे शक्य झाले. शिबिरांत आणि सरकारी रुग्णालयांत सामान्यतः एककेंद्री भिंग बसवले जाते आणि अंधत्व दूर करण्याचे काम ते चोख बजावते.

बहुकेंद्री भिंगाचा प्रश्न प्रामुख्याने खासगी रुग्णालयांत उद्भवतो. तेथे भिंगानुसार खर्चाच्या वेगवेगळ्या योजना रुग्णापुढे ठेवल्या जातात आणि महागड्या भिंगाची किंमत साध्या भिंगाच्या कित्येक पट असू शकते. अनेक आरोग्य विमा पॉलिसींत मोतीबिंदूसाठी प्रत्येक डोळ्यामागे ठरावीक मर्यादा असते. त्यापलीकडील रक्कम रुग्णालाच भरावी लागते. ही मर्यादा शस्त्रक्रियेपूर्वी विमा कंपनीकडून लेखी समजून घेतली, तर नंतरचा वाद टळतो. मोठी रक्कम खर्च केली, की अपेक्षाही तितकीच वाढते आणि नाराजीची बीजे अनेकदा येथेच रुजतात.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

रुग्णाने आणि त्याच्या कुटुंबीयांनी शल्यविशारदांना काही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. माझ्या दृष्टिपटलाची आणि पारपटलाची तपासणी पूर्ण निरोगी आहे का? डोळ्यांचा कोरडेपणा आहे का आणि त्याचा उपचार आधी होईल का? या भिंगाने कोणत्या अंतरावरचे सर्वांत स्पष्ट दिसेल आणि कोणते काम करताना चष्मा लागू शकेल? नंबर उरला तर तो कसा दुरुस्त केला जाईल आणि त्याचा खर्च कोण करील? भिंग मुळीच मानवले नाही, तर पुढचा मार्ग कोणता?

त्याचबरोबर डॉक्टरांनाही रुग्णाकडून काही गोष्टी कळायला हव्यात. तो दिवसभर काय करतो, किती अंतरावर वाचतो, रात्री वाहन चालवतो का, चष्म्याचा त्याला खरोखर किती त्रास वाटतो. सत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षकाची गरज आणि पंचावन्न वर्षांच्या टॅक्सीचालकाची गरज एकच असू शकत नाही, मग त्यांचा मोतीबिंदू सारखाच का असेना.

योग्य रुग्ण, अचूक मोजणी आणि प्रामाणिक पूर्वसूचना या तीन गोष्टी जुळून आल्या, तर बहुसंख्य रुग्ण या भिंगांनी समाधानी राहतात, असा आजवरच्या अभ्यासांचा कल आहे. यांपैकी शेवटच्या गोष्टीसाठी कोणतेही यंत्र लागत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ‘रात्री दिव्यांभोवती वलये दिसतील, बहुतेकांना काही महिन्यांत त्यांची सवय होते, काहींना होत नाही’ एवढे वाक्य ज्या रुग्णाने ऐकलेले असते, त्याला ती वलये दिसली तरी आपली फसवणूक झाली असे वाटत नाही.